थंडी ज्याची त्याला कळत नाही

"मावशी, बाबासाहेबांची जयंती कधी असते?"

भाचीने मला हे विचारलं तेव्हा मी महाबळेश्वरच्या बाजूच्या एका डोंगरवाटेवर, ऑगस्टच्या पावसात, चिखलात बसले होते. सायकल पायावर आडवी पडली होती आणि ती बाजूला करावी असंही मला वाटत नव्हतं. मी म्हणाले, "ऑक्टोबरात. जरा पडू दे मला इथं."

आमच्या घरात याचं उत्तर बालवाडीतलं पोरसुद्धा चुकत नाही. चौदा तारीख डोक्यात राहिली असावी, जयंतीची चौदा आणि दीक्षेची चौदा, पण महिना हातातून निसटला. भाची पुढे काही बोलली नाही. तिने स्वतःची सायकल झुडपात ढकलली आणि माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. तिची शर्यत संपायला दीड किलोमीटर उरलं होतं आणि ती बायकांमध्ये तिसरी होती.

मी सतरा वर्षं वॉर्डात नर्स होते. आता वस्त्यावस्त्यांतून आरोग्याचं काम करते. माणसांचा ताप, नाडी, शुद्ध बघण्यात आयुष्य गेलं. आणि माझं स्वतःचं अंग गार पडत होतं ते मला कळलं नाही. या वेळच्या आरोग्याच्या पानावर तेच सांगायचं आहे.

आधी आम्ही तिथे का गेलो ते सांगते. भाची वीस वर्षांची, सायकलवरून पार्सलं पोचवते. पाय मजबूत. जुन्या बाजारातून तिने जाड टायरची, गिअरची डोंगरी सायकल घेतली आणि रविवारी टेकडीवर जाऊ लागली. कुणीतरी तिला या शर्यतीचं सांगितलं. हौशी लोकांची शर्यत, आठ किलोमीटरच्या मातीच्या वाटेवर तीन फेऱ्या. बहीण म्हणाली, रात्रीचा मुक्काम आहे, मावशी बरोबर असेल तरच जा. मावशी नुसती बसून काय करणार? वस्त्यांमध्ये मी सायकलवरच फिरते. तेव्हा मीही आठशे रुपये भरले आणि एक सायकल मागून आणली. वय सेहेचाळीस. बायका एकूण सात, त्यात मी सगळ्यांत मोठी. दुसरा नंबर वयाचा धरला तर पस्तिशीतली एक शिक्षिका होती.

कुणाला वाटेल हा पैसेवाल्यांचा खेळ. आता सायकली लाखांच्या झाल्यात हे खरं. पण त्याची सुरुवात भंगारातून झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मारिन भागात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली पोरं जुन्यापुराण्या, एकाच गिअरच्या जड सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली सोडायची. १९७६ पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्या उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि शर्यतीनंतर ते परत भरावं लागायचं. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं, 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा. वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. जुन्या बाजारातली सायकल घेऊन उभं राहायला भाचीने लाजायचं काही कारण नव्हतं, आणि ती लाजलीही नाही.

सकाळी आठची वेळ होती. पाऊस, धुकं आणि वारा. कुणीतरी मोबाईलवर पाहून म्हणालं, सतरा डिग्री. मला हसू आलं. सतरा म्हणजे काय थंडी? नागपूरकडे डिसेंबरात याहून खाली जातं. ही माझी पहिली चूक. कोरड्या अंगाने सतरा डिग्रीत बसणं वेगळं आणि ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहणं वेगळं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगाची ऊब ओढून घेतं. त्यात वारा असला की कातडीजवळ तयार झालेली थोडीशी उबही टिकत नाही. माणूस गारठून मरायला बर्फ लागत नाही. पाऊस, वारा, थकवा आणि रिकामं पोट एवढं एकत्र आलं की दहा-पंधरा डिग्रीतही ते होतं.

दुसरी चूक कपड्याची. रेनकोट उकडतो म्हणून सायकलवाले तो घालत नाहीत, म्हणून मीही काढून ठेवला. आत सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट. सुती कापड आपल्या उन्हाळ्याला सोन्यासारखं, पण भिजलं की पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून बसतं. शर्यत सुरू व्हायला पाऊण तास उशीर झाला. तो पाऊण तास आम्ही भिजत उभे होतो. तिसरी चूक तर मी दुसऱ्या कुणाला करू दिली नसती. सकाळी पोटात फक्त चहा होता.

मग सुटलो.

चिखलात सायकल चालवणं म्हणजे काय ते पहिल्या अर्ध्या किलोमीटरात कळलं. तिथली माती तांबडी, जांभ्याची. पावसात ती टायरला चिकटते, टायरवर गवत चिकटतं, गवतावर परत माती. बघता बघता चिमट्यात आणि चाकात इतका थर बसतो की चाक फिरेनासं होतं. मग उतरायचं, काडीने माती खरवडायची, परत चढायचं, आणि पन्नास पावलांवर पुन्हा तेच. भाचीने आदल्या रात्री मला चार गोष्टी शिकवल्या होत्या. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा कमी ठेव, म्हणजे टायर मातीला धरतो. चढावर उभी राहू नकोस, बसूनच मार, नाहीतर मागचं चाक जागेवर फिरतं. गिअर चढ यायच्या आधी बदल, चढावर जोर लावून बदललास तर चेन तुटेल. आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पाचवी गोष्ट मला माझीच कळली. चाकोरीतल्या चिखलापेक्षा कडेच्या गवतावरून गेलं तर बरं, पण गवताखाली जांभ्याचा शेवाळलेला दगड असला तर माणूस सरळ आडवा होतो. मी तीनदा झाले.

पहिल्या फेरीत मला मजा आली, खोटं कशाला बोलू. चढावर अंग तापलं होतं, तोंडात चिखल गेला होता, एक गवळी दुधाचे कॅन घेऊन बाजूने चालत होता तो माझ्या पुढे निघून गेला. पहिली फेरी झाली तेव्हा सव्वा तास झाला होता. कुणीतरी चिक्की पुढे केली. मी नको म्हणाले. भूकच नव्हती.

घात चढावर होत नाही, उतारावर होतो. चढताना स्नायू काम करतात, अंग तापतं, घाम येतो, आतले कपडे आणखी भिजतात. वर पोचलं की पाय थांबतात आणि वारा सुरू होतो. अंगात भट्टी बंद आणि दार उघडं. १९८८ साली इटलीतल्या जिरो दितालिया या मोठ्या सडकशर्यतीत, ५ जूनला, गाविया खिंडीत बर्फ पडायला लागला. खिंड २६०० मीटरहून उंच. हॉलंडचा योहान व्हॅन डर व्हेल्डे हा सगळ्यांच्या आधी वर पोचला, अर्ध्या बाह्यांच्या कपड्यात. उतार लागल्यावर तो इतका गारठला की त्याला थांबावं लागलं, आणि शेवटच्या रेषेवर तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टन याच्या लोकांनी मात्र वरती गरम कपडे आणि गरम पेय तयार ठेवलं होतं. ती जिरो त्याने जिंकली. हे मी नंतर वाचलं.

दुसऱ्या फेरीच्या उतारावर माझी बोटं गेली. बोटं होती, पण ब्रेक दाबतायत की नाही ते समजेना. हातमोजे नव्हते. मग मी मनगटाने ब्रेक ओढायचा प्रयत्न केला आणि चरात गेले. लागलं नाही फार. उठायला हवं होतं. मला वाटलं, जरा बसू. हुडहुडी भरली होती ती हळूहळू थांबली. मला वाटलं, चला, थंडी कमी झाली. उलट जरा गरमच वाटायला लागलं. टी-शर्ट काढून टाकावा असंही मनात आलं.

ज्यांनी नर्सिंग केलंय त्यांना इथे धोक्याची घंटा ऐकू येईल. हुडहुडी हे शरीराचं काम आहे. स्नायू थरथरून ऊब तयार करतात. शरीराच्या आतलं तापमान ३७ असतं. ते ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला जोराची हुडहुडी, बोटांनी बटण न लागणं, जीभ जड होणं, पाय अडखळणं, चिडचिड, गप्प होणं. आणखी खाली, ३२ च्या आसपास, हुडहुडी थांबते. माणूस भलतंसलतं बोलतो, काही जण कपडे काढायला लागतात. २८ च्या खाली हृदयाचा ठोका कधीही बिघडू शकतो. मी त्या मधल्या पायरीच्या दारात असणार, वर पोटात अन्न नसल्याने साखरही उतरली असणार. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. गारठा मेंदूलाही लागतो, आणि मला गारठा लागलाय हे ओळखायचं काम त्याच मेंदूचं असतं. म्हणून ज्याला थंडी लागली त्याला विचारून उपयोग नाही. "बरी आहेस का?" असं विचारलं असतं तर मी "हो, बरी आहे" म्हणाले असते. भाचीने जयंती विचारली.

तिची तिसरी फेरी चालू होती, माझी दुसरी, म्हणून ती मागून आली. तिच्या मागोमाग चौथ्या नंबरची मुलगी आली. भाचीने तिला ओरडून सांगितलं, पुढच्या माणसाला सांग, इथं एक जण गारठलीय. त्या मुलीने निरोप पोचवला आणि तिसरा नंबरही घेतला. तिने दोन्ही बरोबरच केलं. तिसऱ्या नंबरला पाच हजार होते. त्या पैशांचं भाचीने काय करायचं ठरवलं होतं ते मला माहीत आहे, पण तिने ते कधी काढलं नाही, मीही लिहीत नाही.

वाटेच्या वरच्या अंगाला एक धनगराचं घर होतं. तिथवर मला दोघांनी जवळजवळ उचलूनच नेलं. घरातल्या आजीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "वली कापडं काढा आदी. च्या मागनं." तिच्याकडे कुठलाही डिप्लोमा नव्हता, पण क्रम अगदी बरोबर होता. ओले कपडे अंगावर ठेवून वरून दहा चादरी घातल्या तरी उपयोग नाही. आजीने पुरुषांना बाहेर घालवलं, मला कोरडं पुसलं आणि घोंगडीत गुंडाळलं. लोकर थोडी ओली असली तरी ऊब धरते. म्हणून धनगर पिढ्यान्‌पिढ्या पावसात घोंगडी पांघरतात. भाची ओले कपडे काढून माझ्या पाठीशी त्याच घोंगडीत बसली, अंगाला अंग लावून.

तेव्हा नाही, पण नंतर मला त्याचं हसू आलं आणि रडूही आलं. सतरा वर्षं मी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवत आले. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली, तिला कांगारू म्हणतात. आया लाजायच्या, सासवा नाही म्हणायच्या, आणि मी त्यांना समजावायचे की याहून चांगली शेगडी जगात नाही.

बाहेरून एक काका म्हणाले, "दोन घोट पाजा, गरम होईल." त्यांची नियत चांगली होती. पण दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आतलं गरम रक्त वर येतं, माणसाला गरम वाटतं आणि खरी ऊब मात्र वेगाने निघून जाते. हुडहुडीही दबते. गारठलेल्याला दारू पाजणं म्हणजे चूल विझवून घर उबदार झालं म्हणणं. भाचीने बाटली आत येऊ दिली नाही.

दुसरी चूक तिथे होता होता राहिली. कुणीतरी माझे हात चुलीपुढे धरले. बधिर कातडीला चटका कळत नाही. हातपाय चोळूही नयेत. आधी धड गरम करायचं, म्हणजे छाती, काख, मान, जांघ. बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून तिथे ठेवावं. माणूस नीट शुद्धीवर असेल, कप स्वतः धरू शकत असेल, गिळू शकत असेल, तरच गोड गरम चहा द्यावा. बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नये. आडवा ठेवून, धसमुसळेपणा न करता, लगेच १०८ बोलवावी किंवा दवाखान्यात न्यावं.

वीसेक मिनिटांनी मला परत हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. भाची घाबरली. मी म्हणाले, "येऊ दे. आता बरं आहे." मग तिने परत जयंती विचारली आणि मी बरोबर सांगितली, वर तिला एक शिवी दिली.

एक गोष्ट घरच्या थर्मामीटरबद्दल. काचेच्या थर्मामीटरवर आकडे साधारण ९४-९५ पासून सुरू होतात. माणूस त्याखाली गेला तर पारा हलत नाही आणि आपण म्हणतो, ताप नाही, ठीक आहे. पारा चढलाच नाही आणि माणूस सुस्त आहे, विशेषतः म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ, तर पोटावर हात ठेवून बघा. पोट गार लागलं तर वाट पाहू नका.

थंडीचं झालं, पण चिखलाचंही ऐका. त्यात गुरांचं शेण-मूत असतं. वेल्समध्ये बिल्थ वेल्स गावाजवळ २००८ च्या जुलैत अशीच चिखलातली सायकलशर्यत झाली आणि नंतर दीडशेहून जास्त जणांना जुलाब लागले. मेंढ्यांची विष्ठा मिसळलेला चिखल त्यांच्या तोंडात गेला होता. आपणही पाण्याच्या बाटलीचं तोंड चिखलासकट तोंडात घालतो. बाटलीला झाकण हवं, आणि पहिला घोट थुंकून टाकावा. खरचटलं असेल तर साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घ्या. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरला सांगा की मी चिखलात, साचलेल्या पाण्यात होते. लेप्टो हा आजार लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. पण डॉक्टरला तुमचा चिखल दिसत नाही, तो तुम्हीच सांगायचा असतो.

परत आल्यावर मी हा किस्सा विहारात बायकांना सांगितला. हसण्याचा भाग संपल्यावर झाडू खात्यातली एक जण म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पैसे भरून भिजलात. आम्ही जूनपासून रोज पहाटे भिजतो." मला काही उत्तर नव्हतं. पहाटे चारला ओल्या साडीवर झाडू मारणाऱ्या, पेपर टाकणारी पोरं, भाजी घेऊन उघड्या टेम्पोत मागे बसून येणाऱ्या बाया, हे सगळे माझ्यापेक्षा जास्त वेळ ओले असतात. त्यांच्या अंगाला सवय असते असं आपण म्हणतो. सवयीने वेदना कमी वाटते, ऊब वाढत नाही. चीनमध्ये कान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला शंभर किलोमीटर पळण्याची शर्यत होती. डोंगरात अचानक गारांचा पाऊस आणि वारा आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून मेले, त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते. सहा जणांना एका मेंढपाळाने गुहेत नेऊन, शेकोटी करून वाचवलं.

त्या दिवशी विहारात आम्ही जे ठरवलं ते साधं आहे. एकटीने भिजत काम करायचं नाही, जोडी करायची. जोडीदारणीने अधूनमधून काहीतरी विचारायचं, ज्याचं उत्तर चुकणं शक्य नाही असं. पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा ब्लाऊज किंवा स्वेटर. गूळ-शेंगदाणे, भूक नसली तरी खायचे. आणि रद्दी. हे ऐकून सगळ्या हसल्या, पण युरोपातले मोठे सायकलपटू पूर्वी घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घ्यायचे आणि उतारावर जाण्याआधी ते शर्टाच्या आत छातीवर सरकवायचे. कागद वारा अडवतो. त्याला पैसे पडत नाहीत. पेपर टाकणाऱ्या पोरांकडे तर तो असतोच.

रेनकोट आणि गमबूट हा मात्र रद्दीने सुटणारा प्रश्न नाही. ते मिळवण्याचा कामगारांचा हक्क आहे, आणि आमच्या वस्तीतल्या बायकांना मागच्या पावसाळ्यात ते सप्टेंबरात मिळाले. पाऊस संपताना. त्यावर अर्ज दिला आहे, पुढच्या अंकात काय झालं ते लिहीन.

मागून आणलेल्या सायकलीचे ब्रेकचे रबर एका शर्यतीत पार झिजून गेले होते. चिखलातली वाळू कानशीसारखी घासते. ते बदलून, चेनला तेल घालून मी ती परत केली. भाचीची सायकल झुडपात टाकताना गिअरचा डिरेलर वाकला होता, तो तिने स्वतः सरळ केला. बहिणीने विचारलं, नंबर आला का? भाची म्हणाली, "चिखल फार होता."

यंदाच्या शर्यतीचा अर्ज तिने भरलाय. माझाही भरलाय, मला न विचारता.